घासू द्या तिला, पण शेवटचा हात तुमचा

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. "मीच घासणार" म्हणून ब्रश हिसकावून घेते, पुढचे चार दात घासते, मग ब्रश चावत, पेस्ट चोखत उभी राहते आणि अर्ध्या मिनिटात "झालं!" मी हात लावायला गेले की तोंड घट्ट मिटून घेते. तिचं तिला नीट घासायला कसं शिकवायचं? आणि कितव्या वर्षापासून आम्ही लक्ष घालणं सोडलं तर चालेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते ऐकून बहुतेक आईबाप दचकतात. सात-आठ वर्षांपर्यंत तरी नाही. तोवर दिवसातून एकदा, म्हणजे रात्री, मोठ्या माणसाचा हात तिच्या दातांवरून फिरायलाच हवा.

आता "मीच घासणार" या हट्टाबद्दल. तो मोडू नका, तो फार कामाचा आहे. गडबड वेगळीच आहे. दात घासायला शिकणं हे एक काम आणि दात स्वच्छ होणं हे दुसरं. घरोघरी ही दोन्ही कामं एकच धरली जातात आणि एकाच ब्रशवर, एकाच दोन मिनिटांत उरकायला बघतात. मग मूल शिकतही नाही आणि दातही घासले जात नाहीत. तुमच्या मुलीला पहिल्या कामात पूर्ण मोकळीक द्या. दुसरं काम अजून तीन-चार वर्षं तुमचं आहे.

एवढी वर्षं का, हे मुलाच्या मनगटाकडे बघितलं की कळतं. चार वर्षांचं मूल कागदावर गोल काढताना नीट बघा. अख्खा हात खांद्यापासून फिरतो, मनगट जवळजवळ जागचं हलत नाही. दात घासताना तोच ब्रश दिसत नसलेल्या, ओल्या, अरुंद जागेत चार-पाच वेगवेगळ्या दिशांना वळवायचा असतो. वर जीभ मध्ये येते, गाल आडवा येतो आणि आरशात उजवं-डावं उलटं दिसतं. खांद्यातून होणारी हालचाल तिथे पोचत नाही. म्हणून मुलं जिथे पोचतं तेवढंच घासतात, म्हणजे पुढचे दात. तो आळस नाही. बुटाची नाडी स्वतः बांधता येणं, सलग अक्षरात ओळ लिहिता येणं ही जी बोटा-मनगटाची तयारी आहे, तीच ब्रशलाही लागते, आणि ती साधारण त्याच वयात येते.

दवाखान्यात मी कधी कधी दातांवरचा थर रंगवून दाखवते. एक पाच-साडेपाच वर्षांचा मुलगा, "मी एकटा घासतो" असं दारातूनच सांगत आला होता. दातांना रंग लावला, चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. पुढच्या दातांचे मधले भाग पांढरेस्वच्छ होते, पण प्रत्येक दाताला हिरडीलगत गुलाबी गळपट्टा. दाढांची गालाकडची बाजू पूर्ण गुलाबी. आणि उजव्या बाजूचा सुळा, जिथे उजव्या हाताच्या मुलाला ब्रश वळवावा लागतो, तो तर रंगवल्यासारखा. मुलगा खूश झाला, त्याला रंग आवडला. चेहरा उतरला तो त्याच्या वडिलांचा. अशी रंगाची गोळी किंवा द्रावण दंतवैद्याकडे मिळतं. महिन्यातून एकदा घरी वापरलं तर तुम्हाला बोलावं लागत नाही, आरसाच बोलतो.

आता तोंड घट्ट मिटण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला हाच कळीचा भाग आहे. "हट्टी आहे" असं म्हणण्याआधी एक गोष्ट करून बघा. तिचा वरचा ओठ बोटाने हळूच उचला. मधोमध, ओठाला हिरडीशी जोडणारी एक पातळ पट्टी दिसेल. लहान मुलांत ती बऱ्याचदा जाड असते आणि दातांच्या अगदी जवळ येऊन टेकलेली असते. घाईघाईने वरचे दात घासताना ब्रशचा कडक कोपरा नेमका तिच्यावर आपटतो आणि चांगलंच दुखतं. मूल ते शब्दांत सांगू शकत नाही. ते एवढंच शिकतं की आईच्या हातात ब्रश आला की दुखतं. उपाय सोपा आहे. डाव्या हाताची तर्जनी ओठाखाली त्या पट्टीवर आडवी ठेवायची आणि ब्रश बोटाच्या खालून फिरवायचा. ब्रश आपटला तर तुमच्या बोटावर आपटेल. ज्या मुलांना "दात घासूच देत नाही" म्हणून माझ्याकडे आणतात, त्यांतली बरीचशी एवढ्या एका बदलाने तोंड उघडतात.

दुसरी चूक म्हणजे "मोठ्ठा आ कर." खालच्या दाढांची चावायची बाजू घासायला मोठा आ ठीक आहे. पण वरच्या दाढांची गालाकडची बाजू घासायची तर तोंड जवळजवळ मिटलेलं हवं. पूर्ण आ केला की गाल ताणला जातो आणि ब्रश शिरायला जागाच उरत नाही. मग आपण जोर लावतो आणि ते दुखतं. स्वतःच्या तोंडात बोट घालून बघा. आ करून आणि तोंड अर्धवट मिटून, दोन्ही वेळा. फरक लगेच कळेल. तसंच खालच्या दातांची आतली बाजू घासताना जीभ सारखी ब्रश ढकलते, तेव्हा "जीभ वर टाळूला लाव" म्हणायचं. आणि मागे ब्रश नेला की ओकारी येणाऱ्या मुलाला नाकाने "हूंऽऽ" असा आवाज काढायला सांगायचं. आवाज काढताना श्वास नाकातून चालू राहतो आणि लक्षही तिकडे जातं. ब्रशचं डोकं लहान असावं, तिच्या दोन दातांएवढं पुरे.

उभं कुठे राहायचं हेही महत्त्वाचं आहे. समोरासमोर उभं राहून मुलाचे दात घासणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं. मुलीच्या मागे उभ्या राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, हनुवटी डाव्या हाताने सावरा आणि दोघीही आरशात बघा. रात्री याहून चांगलं म्हणजे तिला आडवं करून डोकं मांडीवर घ्यायचं. वरून सगळे दात दिसतात, डोकं हलत नाही. मी घरच्या घरी हीच पद्धत वापरली.

आता शिकवण्याकडे येते. ब्रश दोन घ्या, एक तिचा, एक तुमचा. तिचा ती चावणार, महिन्याभरात त्याचे केस चहूबाजूंना फाकणार, चालू द्या. तुमचा ब्रश सरळ राहतो आणि खरं काम त्याने होतं. शिवाय भांडणाचं मूळच जातं. तिच्या हातातून काही हिसकावून घ्यावं लागत नाही. तिची पाळी झाली की तिने तिचा ब्रश हातातच धरायचा आणि तुमच्या ब्रशची पाळी सुरू. (केस फाकलेला ब्रश दात साफ करत नाही, हिरडी मात्र टोचतो. तुमचा ब्रश तीन महिन्यांनी बदला, तिचा लागेल तसा.)

पहिल्या आठवड्यात तिला एकच भाग द्या : खालच्या दाढांची चावायची बाजू. सपाट जागा, दिसणारी, पुढे-मागे घासलं की झालं. "ही तुझी जागा, तुझी पाळी संपेपर्यंत इथे मी हात लावणार नाही." ते जमलं की वरच्या दाढांची तीच बाजू. मग पुढच्या दातांचा बाहेरचा भाग, गोल गोल. मग दाढांचा गालाकडचा भाग. दातांची आतली बाजू सगळ्यात शेवटी, ती सहा-सात वर्षांपर्यंत आली नाही तरी काळजी नको. एकेका जागेचा ताबा देत जायचा. दोन आठवडे लागोत की दोन महिने. सगळं तोंड एकदम हातात दिलं की मूल सगळीकडे थोडं थोडं करतं आणि कुठेच नीट करत नाही.

प्रत्येक नवीन जागेला सुरुवात "हातावर हात" ठेवून करा. आधी तिचा हात तुमच्या हातावर, तुम्ही तुमच्या ब्रशने तिचे दात घासायचे. किती हळू, किती दाब, हे तिला हातातून कळतं. तोंडाने "हळू घास" शंभरदा सांगून ते कळत नाही. दोन-तीन दिवसांनी उलट, ब्रश तिच्या हातात आणि तुमचा हात वरून. मग हात काढून घ्यायचा.

गोल गोल घासायची पद्धत अमेरिकेतले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांच्या नावाने ओळखली जाते. दातांची निगा शिकवणाऱ्या आरोग्य-सहायिकांची पहिली शाळा त्यांनीच १९१३ मध्ये सुरू केली. मुलांना ही पद्धत जमते, म्हणून आम्ही तीच सांगतो. मोठ्यांसाठीची, ब्रश हिरडीशी तिरका धरून बारीक थरथरवण्याची पद्धत या वयात शिकवायला जाऊ नका, जमणार नाही. आणि तिने आडवंच खसाखसा घासलं तरी ओरडू नका. मऊ ब्रशने, एवढ्याशा हाताने, एवढ्या कमी वेळात दात झिजत नाहीत. ते वळण नंतर लावता येतं. ब्रशचा कंटाळा एकदा बसला की तो काढणं जास्त अवघड.

दोन मिनिटं कशी मोजायची? वाळूचं घड्याळ मला फारसं आवडत नाही. मूल वाळूकडे बघत एकाच जागी घासत राहतं. त्यापेक्षा दात मोजा. दुधाचे दात वीस, वर दहा, खाली दहा. एका दातावर सहापर्यंत आकडे म्हटले की वीस दातांची बरोबर दोन मिनिटं होतात, आणि ब्रश आपोआप एका दातावरून दुसऱ्यावर सरकतो. तिला आकडे पाठ होतात हा वरचा फायदा.

पेस्टचा ताबा मात्र मुलांकडे कधीच नाही. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नुसती ब्रशला पुसल्यासारखी. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर लाट काढतात तेवढी मोठ्यांनाही लागत नाही. पेस्टमध्ये फ्लोराइड असावं, वेष्टनावर १००० पीपीएमच्या (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड) आसपास आकडा शोधा. "मुलांची आहे म्हणून बिनफ्लोराइडची" हा सल्ला बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळतो, मला तो पटत नाही. कीड रोखण्याचं पेस्टमधलं मुख्य काम फ्लोराइडच करतं. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. त्यात या प्रमाणाने पाव मिलिग्रॅम फ्लोराइड येतं. त्यातलं थोडं पोटात गेलं तर घाबरण्यासारखं नाही. भीती आहे ती रोज ब्रशभर पेस्ट चोखण्याची. कायमचे दात याच वर्षांत हिरडीच्या आत घडत असतात आणि सतत जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर त्यांच्यावर पांढुरके डाग उमटतात. ट्यूब वरच्या फळीवर ठेवा. आणि तुमची मुलगी चोखते त्यावर एक युक्ती : तिची पाळी नुसत्या ओल्या ब्रशने. पेस्ट फक्त तुमच्या ब्रशवर. चोखायला काही नसलं की ब्रश घासण्यासाठीच उरतो.

थुंकणं वेगळं शिकवावं लागतं, आणि ते दात घासताना नको. आंघोळीच्या वेळी तोंडात पाणी घेऊन, खाली वाकून, पाणी नुसतं सांडायला लावा. फू करून जोरात थुंकणं पुढची पायरी आहे. सांडता आलं तरी पुरे. दात घासून झाल्यावर फेस थुंकायचा, पण खळाखळा चूळ भरायची नाही. दातांवर राहिलेलं फ्लोराइड तसंच राहिलेलं बरं.

रात्रीचं घासणं चुकवू नका. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ हेच दातांचं नैसर्गिक संरक्षण. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, दूधसुद्धा नाही. खोकल्याचं गोड औषध द्यायचं असेल तर आधी द्या, मग दात. पण "रात्री" म्हणजे झोपायच्या क्षणी नव्हे. साडेनऊला पेंगुळलेल्या मुलाशी कोणीही जिंकत नाही. जेवण झालं की अर्ध्या तासात उरकून टाका, मग खेळू द्या.

तरीही काही रात्री फिसकटणारच. अशा रात्री तीस सेकंदच मिळणार असतील तर ती कुठे घालवायची हे ठरलेलं असू द्या : वरच्या पुढच्या दातांची हिरडीलगतची कड आणि दाढांच्या खाचा. लहान वयातली कीड बहुतेकदा याच जागा धरते. खालच्या पुढच्या दातांना जीभ आणि लाळ बऱ्यापैकी सांभाळून घेतात. आणि रोज आनंदाने घासणारं मूल एकाएकी नको म्हणायला लागलं तर आधी तोंडात बघा. छाला, सुजलेली हिरडी, हलणारा दात, काहीतरी असतं. हिरडीतून रक्त आलं म्हणून घासणं थांबवायचं नाही. थर साचून हिरडी सुजलेली असते, हळुवार घासत राहिलं की आठवड्या-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवा. "घासलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे कृपा करून म्हणू नका. ते मूल माझ्या खुर्चीत बसतं तेव्हा त्याची किंमत आम्ही दोघं मोजतो.

आवाज, चव, स्पर्श यांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी, म्हणजे ऑटिझम असलेल्या किंवा नुसतीच फार हळवी असलेल्या, बिनचवीची, कमी फेसाची पेस्ट वापरा आणि पहिले काही दिवस ब्रश फक्त ओठाला लावून सोडा. तिथून इंच इंच पुढे. इलेक्ट्रिक ब्रश काहींना फार आवडतो, काही किंचाळतात. आवडला तर वापरा, मात्र तोही मोठ्यांच्या हाताला पर्याय नाही. ब्रश तोंडात घालून घरभर फिरू देऊ नका. पडल्यावर टाळूत किंवा घशात ब्रश घुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता सहाव्या वर्षाचा इशारा, जो मी स्वतः शिकले तो घरीच. माझा मुलगा सहा वर्षांचा झाला, छान घासायचा, आणि मी, रोज दुसऱ्यांना हे सांगणारी, रात्रीचं बघणं सोडून दिलं. दीड वर्षाने सहज तोंडात डोकावले तर खालच्या नव्या दाढेच्या खाचेत तपकिरी खड्डा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून कोणाला पत्ताच लागत नाही. पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, आणि ब्रश तिच्यावरून न टेकता निघून जातो. तिला वेगळं घासावं लागतं, ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून, फक्त तिच्यावर. ही दाढ आयुष्यभराची आहे. तुमच्या मुलीला अजून दीडेक वर्ष आहे, पण पाचव्या वाढदिवसानंतर दर महिन्याला मागे बोट फिरवून बघत जा.

दुधाच्या दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर त्यांच्या मधे ब्रश जातच नाही, तिथे रात्री दातांच्या फटीतून फिरवायच्या खास दोऱ्याचा (फ्लॉसचा) एक फेरा हवा. मूठ लावलेला दोरा मिळतो, तो मुलांच्या तोंडात सोपा पडतो. "पडणारेच दात आहेत" असं कोणी म्हणालं तर सांगा, मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात.

कसं झालं हे तपासायचं तर स्वच्छ फडक्याने दात कोरडा करून हिरडीची कड बघा. खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात, आणि या टप्प्यावर ती मागे फिरवता येते. लगेच दाखवा. मुलीला सांगायचं ते वेगळं : "जीभ फिरवून बघ, गुळगुळीत की खरखरीत?" खरखरीत लागलं तिथे तीच परत घासते. ही परीक्षा तिची तिने घ्यायची.

लक्ष काढून घेणं वाढदिवस बघून होत नाही. नाडी बांधता येते, आतली बाजू न सांगता घासते, आणि रंग लावल्यावर गुलाबी फारसं उरत नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या की तुमचा ब्रश बाजूला ठेवा. त्यानंतरही वर्ष-दोन वर्षं आठवड्यातून एकदा दिव्याखाली तोंड बघा.

आणि आज रात्री एवढंच करा. तिचा ब्रश तिच्या हातात, पेस्ट नाही, जागा एकच : खालच्या दाढा. तिचं झालं की डोकं मांडीवर, वरच्या ओठाखाली तुमचं बोट, आणि एका वेळी एकच दात, सहापर्यंत आकडे. चार दातांनंतर ती उठली तर उठू द्या. उद्या पाचव्या दातापासून.